तीन चाळीसची वायर

महबूला म्हणजे वेडी, असं गुलझमानने सांगितलं.
समुद्राला चिकटलेल्या या वेड्या वस्तीत
चौथ्या मजल्यावर आमची खोली.
सहा जण, तीन शिफ्ट,
आणि सहा फोनचे सहा गजर.
पहिला तीन चाळीसला, परकारचाचांचा.
चाचा सोडून सगळे जागे व्हायचे.
तेवीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून
त्यांचा उजवा कान केव्हाच रिटायर झालेला,
आणि डावा ते उशीत दाबून झोपायचे.

बिजुमोन रात्रपाळीचा, दोनला येऊन पडलेला.
त्या वेळी तो मल्याळममध्ये काय म्हणायचा
ते आम्ही कधी विचारलं नाही.

एका शुक्रवारी सूक अल जुमात,
गालिचे, कबुतरं, मोडक्या ट्रेडमिल ओलांडून गेल्यावर
एका पोऱ्याकडे गोणभर मेलेले फोन दिसले.
अर्ध्या दिनारात अकरा. घासाघीस करून बारा.
फोन मेला तरी आतली थरथर मरत नाही.
शेंगदाण्याएवढी मोटर, एका अंगाने जड,
तोल नाही म्हणूनच कामाची.

साइटवर फेकलेली नेटवर्कची केबल सोलली,
आठ रंग निघाले.
चाचांना नारिंगी, बिजुमोनला निळा,
रोमेलने हिरवा मागून घेतला.
मोटर नुसती ठेवली तर उशी तिला फिरू देत नाही,
म्हणून बामच्या झाकणात बसवली.
घाईत ट्रान्झिस्टर न लावता थेट जोडली
तेव्हा बोर्डाची एक पिन जळाली.
वास अजून नाकात आहे.
चिपळूणला आयटीआयत खातू सर म्हणायचे,
डाख चकाकला पाहिजे,
मळका डाख म्हणजे तू घाई केलीस.
सर, बाहेर सत्तेचाळीस डिग्री होतं,
घाम टपकून चर्र वाजत होता टोकावर,
तरी सहापैकी चार चकाकले.

सगळं खजुराच्या डब्यात.
घड्याळाच्या चिपला बटणाएवढा सेल,
लाइट गेली तरी तिला वेळ आठवते.

पहिल्या रात्री कोणी झोपलंच नाही.
तीन चाळीसला खोलीत काही वाजलं नाही,
फक्त चाचा ताडकन उठून बसले:
“कोण रे? कोण हलवतंय मला?”
हसून हसून गुलझमान खाटेवरून घसरला.
दुसऱ्या रात्री चाचा कधी गेले कळलंच नाही.
सकाळी त्यांचा चहाचा कप धुतलेला होता.

कॅम्पचा रिफअत तपासणीला आला,
डबा बघून दोन पावलं मागे सरला.
उशीखाली हात घालून दाखवला, तेव्हा हसला,
आणि हसत हसत डाख द्यायची इस्त्री घेऊन गेला.
ती परत आली नाही.
पुढचे जोड मी स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून दिले.
ते मळकेच आहेत.

मार्चमध्ये चाचांचं फायनल झालं.
जाताना नारिंगी वायर त्यांनी स्वतःच कापली,
बामचं झाकण सदऱ्याच्या खिशात.
म्हटलं, चाचा, बोर्डाशिवाय हा नुसता दाणा आहे.
“असू दे. वजन किती आहे त्याचं?”

आता त्या खाटेवर ओडिशाचा अकरा वाजताचा पोरगा आहे.
डबा अजून तीन चाळीसला
त्या कापलेल्या टोकात करंट सोडतो.
बदलायचा फक्त एक आकडा आहे, चौदाव्या ओळीतला,
पण लॅपटॉप कुमाराचा, आणि कुमारा गेला साल्मियाला.
हे कारण मी सगळ्यांना सांगतो.

काल खेडहून चाचांचा आवाज आला फोनवर,
मागे कोंबडा ओरडत होता.
“ऐकू येत नाही रे मला हा,
डाव्या कानावर झोपतो ना मी.
नातू म्हणतो डबा मी बनवतो.
कसा करायचा ते लिहून पाठव. सोप्या मराठीत.”

लिहायला बसलो.
पहिली पायरी: अर्ध्या दिनारात बारा.
खोडलं.
पहिली पायरी: एक मेलेला फोन शोध.
कपाटात असेल बघ, खालच्या खणात,
चाचांनी पहिल्या सुट्टीत आणलेला.